निळ्या पिंपातलं खाणं

प्रिय पैलवान,

कुत्र्याला पत्र लिहिणारा रहिमतपुरात मी पहिलाच असेन. पण आज जनावरांच्या डॉक्टरांनी तपासणीचा कागद हातात ठेवला, आणि त्यात काय आलंय ते, एका बहिणीला सोडून, सगळ्यांच्या आधी तुला सांगणं भाग आहे. बाकीच्यांना उद्या.

तू माझ्या दुकानाच्या पायरीवर आलास तेव्हा पावशेराचा होतास, चार पाय चार दिशांना. समोरचा चहावाला शंकर म्हणाला, "रशीदभाई, काय पैलवान गावलाय गड्या!" थट्टाच होती ती. वर्षभरात तोच शंकर तुला वळसा घालून चहा आणून द्यायला लागला.

घरात कुत्रा घ्यायचा नाही हा आमच्याकडचा रिवाज, म्हणून तू मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातच वाढलास. सहा वर्षं. तांब्याची तार उघड्यावर पडलेली असायची, एक तुकडा गेला नाही. पण मला खरा अभिमान कशाचा होता, ठाऊक आहे? परक्याच्या हातचं तू कधी खाल्लं नाहीस. कुणी बिस्किट टाको की मटणाचं हाडूक, तू आधी माझ्याकडे बघायचास. मी 'घे' म्हणेपर्यंत तोंड लावायचं नाही. सातवीत शाळा सुटल्यावर जळक्या मोटारी उकलून, एकेक वेढा मोजत मी ही विद्या शिकलो. तितक्याच सबुरीनं तुला ही शिस्त लावली होती.

पहिली फिट आली तेव्हा सकाळचे नऊ वीस झाले होते. तू आडवा पडलास, पाय ताठ, तोंडाला फेस. मी घड्याळ बघितलं : एक मिनिट चाळीस सेकंद. तेवढ्यात शंकरनं पायातली वहाण काढून तुझ्या नाकाला लावली. माणसाला चालतं तर कुत्र्याला का न्हाई, असं त्याचं म्हणणं. मी त्याला हाकललं. पण दुसऱ्या फिटला माझाच हात चपलेकडे गेला होता, हे फक्त तुला सांगतो.

डॉक्टर म्हणाले, कारणं पुष्कळ असतात. मिरगी, यकृत, विष, खाणं; सगळं लिहून ठेवा. ते मला सांगावं लागतं? वेळ, सेकंद, आधी काय खाल्लं, सगळं टिपलं. दोन आठवड्यांत पाच फिटा. आणि नवीन गोष्ट एकच : दूध-भाकरी बंद करून सांगलीहून आणलेलं पिशवीतलं खाणं मी तुला सुरू केलं होतं.

झालं! सांगली गाठली आणि त्या दुकानदाराला गिऱ्हाइकांसमोर वाटेल ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "आवं भाई, ह्याच पोत्यातलं माझी दोन कुत्री खात्यात. बघा की." दोन्ही मागे बांधलेली, ठणठणीत. मला वाटलं, नाटक करतोय. रहिमतपुरात परत येऊनही त्याच्या नावानं बोंब ठोकली.

ते खाणं फेकून दिलं. दुसऱ्या कंपनीची पिशवी आणली. उंदरांनी कुरतडू नये म्हणून निम्मी निळ्या पिंपात ओतली, निम्मी बांधून फळीवर ठेवली. चौथ्या दिवशी तुला फिट आली ती थांबलीच नाही. पैलवान, त्या दिवशी वहीत आकडा लिहिला नाही मी.

कुणीतरी विष घातलं, असं लोक म्हणायला लागले. मी ताठ मानेनं सांगायचो, शक्यच नाही, माझा कुत्रा परक्या हातचं खात नव्हता. एकदा शंकर चहाचा ग्लास ठेवता ठेवता हळूच म्हणाला, "मग भाई, त्यानं जे खाल्लं ते तुमच्याच हातचं."

मी पिंपाकडे बघितलं.

एका ऊसवाल्याची जळकी मोटार नव्या तारेनं भरून दिली तेव्हा त्यानं खुशीनं दोन निळी पिंपं दिली होती. उसाच्या बेण्याला लावायच्या औषधाची हायत, धान्याला नका वापरू, असं बजावलंही होतं. पण मी तीनदा सोड्यानं धुतली, तीन दिवस उन्हात ठेवली, नाक घालून बघितलं. मी धुतलं म्हणजे स्वच्छ झालं, नाही का?

एक पिंप तुझ्या खाण्याला ठेवलं; सांगलीचं खाणंही त्यातच भरलं होतं. दुसरं पाटणला धाकट्या बहिणीला, नसीमला दिलं होतं, तांदळासाठी.

शंकरचा चहा तसाच टाकून मी तिला फोन लावला. तांदूळ भरला होता, पण आधीचं पोतं संपायचं होतं म्हणून पिंप अजून उघडलं नव्हतं. कुत्र्याच्या दुःखात भावाचं डोकं फिरलं, असं म्हणून ती हसली. मी मिळेल त्या एसटीनं गेलो, तांदूळ खड्ड्यात पुरला आणि पिंपाला कुऱ्हाड घातली. ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

पिंपातलं आणि फळीवरच्या पिशवीतलं मूठमूठ खाणं डॉक्टरांकडे तपासायला दिलं होतं, त्याचा आज कागद आला. पिंपातल्या खाण्यात कीटकनाशक, फळीवरच्या पिशवीत काही नाही. डॉक्टर म्हणाले, प्लॅस्टिकमध्ये औषध मुरतं, धुऊन जात नाही. तेलकट खाण्यात मग उतरत राहतं. नसीमला तो फोनवर वाचून दाखवला. मग तिनं तुझं नाव विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

पाच माणसं जेवतात त्या घरात. दारातली राखण कुठलंही कुत्रं करतं रं, तू पाटणपर्यंत केलीस. तू कुणाच्याही हातचं खाणारा असतास, तर मी आजही दुसऱ्याच कुणाला शिव्या घालत बसलो असतो, आणि त्या पोरांच्या ताटात काय पडलं असतं? तू गेल्याचं दुःख आहेच, पण तुझ्यासारखा मी दुसरा बघितला नाही, हे कुणालाही छाती काढून सांगेन.

उद्या सांगलीला जातोय. दुकानात गर्दी असेल तेव्हाच आत शिरेन आणि जितक्या मोठ्यानं ओरडलो होतो तितक्याच मोठ्यानं हा कागद वाचेन. तो माफ करो न करो. आणि यापुढे जो शेतकरी मोटार घेऊन येईल त्याला, घरात धान्य कशात ठेवता, हे विचारल्याशिवाय मी पान्हा हातात घेणार नाही, हा माझा शब्द.

तुझी शिस्त शेवटपर्यंत चुकली नाही, पैलवान. चुकलो मी, आणि ते मी स्वतःच्या तोंडानं सांगणार आहे.

तुझाच,
रशीद