दोन्ही अंगाचा दुपट्टा

नवेगाव बांध,
माघ, १९३८

प्रिय शामकलाबाई,

या चिठ्ठीले मासोळीचा वास येईन, नाक मुरडू नको. मंगरू धिवर रोज सकाळच्या छोट्या गाडीनं मासोळीची टोपली गोंदियाले नेते, त्याच टोपलीत पानाच्या खाली ठेवून ही तुह्याकडं धाडून राहिलो. टपालानं धाडली असती तर पहिले तुह्या सासऱ्याच्या, भैयाजीच्या, हातात पडली असती, अन् त्यांनी ती चष्मा लावून अख्ख्या फुलचुराले वाचून दाखवली असती. मागच्या दारी बसून वाच, वाचून झाली का चुलीत टाक. अन् पहिलेच सांगून ठेवतो, रडू नको. घरी सारे धड आहेत. आठ महिन्यांपासून घरात जे अडलं होतं, ते आज दुपारी सुटलं. म्हणून तर कागद घेऊन बसलो, नाहीतर मी अन् लिहिणं. तू चौथी पास झाली, मी तिसरीतच तीन मास्तर म्हातारे केले. अक्षरं तूच शिकवलेली आहेत, वाकडी दिसली तर दोष तुहा.

मागच्या हप्त्यात मंगरूनं मले बांधावर गाठलं. म्हणे, खुशाल, तुही बाई पुसत होती, नवेगावच्या लोकांनी मले टाकलं का गा. हे मी मायले सांगतलं नाही. मलेच दोन घास गेले नाही, तिले कायले सांगू. पण बाई, तुले कोणी टाकलं नाही. मी तुले न्यायले दोनदा आलो होतो. हे तुले कोणी सांगतलं नसन, अन् आम्हाले चिठ्ठी लिहायची बंदी होती. आता सारं पहिल्यापासून सांगतो.

आपल्या झाडी शेतकरी मंडळाचं तर तुले माहीतच आहे. बाबूजी अन् भैयाजी दोघांनी मिळून काढलं, अन् त्याच नादात तुहं लग्न जमलं. निम्मे वऱ्हाडी मंडळाचेच मेंबर होते. अक्षता पडल्यावर टाळ्या वाजल्या, तं मले वाटलं ठरावच पास झाला. मंग भंडाऱ्याच्या जिल्हा कौन्सिलचं इलेक्शन आलं. अध्यक्षाची खुर्ची एक अन् बसणारे दोन. जेठ महिन्यात मंडळ फुटलं. बाबूजीचं झालं खरं मंडळ, भैयाजीचं झालं मूळ मंडळ. आमच्या लोकांनी खांद्यावर हिरवा दुपट्टा घेतला, म्हणजे उभं धान. त्यांनी पिवळा घेतला, म्हणजे पिकलं धान. बाबूजी बोलले, त्या फुलचूरचं पाणीही पिणार नाही, अन् या घरातून तिकडं कागदाचा तुकडा जाणार नाही. मायनं पुसलं, अन् तिथं आपली पोरगी आहे तिचं काय? बाबूजी उठून बांधावर पाणी पाहाले गेले. पाणी जागच्या जागी होतं.

गावात तर असं झालं का हिरव्यानं पिवळ्याची बिडी ओढू नये. मले राहवलं नाही. आपल्या मोकाट सांडाच्या एका शिंगाले हिरवी चिंधी बांधली, एकाले पिवळी. तो दोन रोज धानात चरत राहिला. हिरवे म्हणत पिवळ्यांचा आहे, त्यांनी हाकलावा, पिवळे म्हणत हिरव्यांचा आहे, आम्ही कायले हात लावू. शेवटी शेजारच्या शकुंतलाबाईनं झाडू घेऊन हाकलला, ती कोणत्याच मंडळात नाही. बाबूजीनं मले बांधापर्यंत पळवलं.

तिजेच्या वक्ती मायनं ऐकलंच नाही. म्हणाली, तिजेले पोरगी माहेरी येते, इलेक्शन असो का नसो. बाबूजी गप्प राहिले, त्यांचं गप्प राहणं म्हणजे जा. मी गोंदियाले उतरलो तं फाटकावर तुहे सासरे स्वतः हजर. कोणी खबर देल्ली देव जाणे. माह्या खांद्यावर हिरवा दुपट्टा, त्यांच्या खांद्यावर पिवळा. मोठ्या प्रेमानं हात धरला, हॉटेलात नेलं, गरम जिलेबी चारली, वरून दूध पाजलं. मी म्हटलं, बाईले न्यायले आलो. तं म्हणतात, "नेजो बेटा, नेजो, घर तुहंच आहे, पण यंदा सुनेले ताप आहे." अन् तिसऱ्या घासाले मले परतीच्या गाडीत बसवून देलं, मायसाठी जिलेबीचा पुडाही देल्ला. मायनं तो पुडा गाईपुढं ठेवला. गाईनंही पहिले मायकडं पाहिलं.

मंग मी अक्कल चालवली. एक हिरवा दुपट्टा अन् एक पिवळा घेतला, मायजवळून दोन्ही पाठीले पाठ लावून शिवून घेतले. इकडून पाहिलं तं हिरवा, उलटवला तं पिवळा. माय शिवता शिवता हासली, कितीक दिवसांनी हासली. दिवाळीले निघालो तेव्हा देवलगावच्या ठेसनावर हिरवा होतो, अर्ध्या वाटेत पिवळा झालो. गोंदियाले फाटकावरच्या माणसानं मले राम राम घातला. पायी फुलचुराले आलो, छाती काढून, मूळ मंडळाचा मोठा कार्यकर्ता. पण वेशीतून आत गेलो तं लोक मले पाहून हासून राहिले. झालं असं होतं का त्याच दिवशी भैयाजीनं राईस मिलवाल्या मुन्नालालसेठशी हात मिळवला होता, अन् सेठच्या अटीवरून साऱ्यांनी सकाळीच लाल दुपट्टे घेतले होते. अख्ख्या फुलचुरात पिवळा मी एकटाच. दोन पोट्टे तं माह्या मागं फिरू लागले, तमाशा पाहाले.

तुमच्या विहिरीजवळ मले जवाईनं ओढून कोठ्याच्या मागं नेलं. मले वाटलं आता मार बसते. घनश्यामभाऊ बापासमोर चूप राहणारा माणूस, पहिले इकडंतिकडं पाहून घेतलं. मंग हळूच म्हणाले, "बाबाले मी काही म्हणू शकत नाही. पण मामीजीले सांगजो, शामकलेले दिवस गेले, चौथा लागला." तेवढ्यात तू घागर घेऊन पलीकडून गेली. पाठमोरी. मी हाक मारणार होतो, त्यांनी माह्या तोंडावर हात ठेवला. तू घागर कमरेवर न घेता डोक्यावर घेतली होती, अन् चालताना एक हात पोटावर होता. बस, तेवढंच पाहिलं. परत येताना मी गाडीत दुपट्टा कोणत्या अंगानं घेतला होता, आठवत नाही.

मायले सांगतलं तं तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मंग म्हणाली, पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात आणावं लागते, आठवा लागला का पोरीले हलवत नाही. त्या दिवसापासून आपल्या घरात महिने मोजणं सुरू झालं. माय डिंक आणे, बाबूजी पाहून न पाहिल्यासारखं करत. पण बाई, एक गोष्ट मी पाहिली. मंगरू संध्याकाळी टोपली घेऊन परत आला का बाबूजी ओट्यावरून त्याले आवाज देत, मासोळीचा भाव पुसत. आपण मासोळी विकतो का? मंगरू शहाणा आहे. भाव सांगून वरून म्हणे, फुलचूरलेही देली, तिथं सारे मजेत आहेत. मंग बाबूजी उठत.

पुसाच्या महिन्यात फुलचूरची हवा फिरली. मुन्नालालसेठले कौन्सिलात स्वतःच अध्यक्ष व्हायचं होतं. त्यानं भैयाजीचेच चार मेंबर फोडले अन् लाल दुपट्टाही आपलाच म्हणून ठेवून घेतला. भैयाजी उघडे पडले तसा बाबूजीले निरोप आला. गोंदियाच्या धर्मशाळेत दोघं भेटले, गळ्यात गळे घातले, मोठं भाषण झालं, साऱ्या झाडीपट्टीत ऐक्य झालं. नवा रंग ठरला, निळा. मी म्हटलं, आता धान तं कोणत्याच वक्ती निळं नसते. बाबूजी म्हणाले, ते तुह्या डोक्यात नाही येणार. दोन रोज बैठक चालली. घरी आले तं हातात निळा दुपट्टा अन् तोंडावर नवरदेवासारखा उजेड. मायनं पाट मांडला, ताट वाढलं अन् पुसलं, पोरीचं काय ठरलं? बाबूजी म्हणाले, "तो विषय निघाला नाही." मायनं वाढलेलं ताट उचलून आत नेलं. बाई, आपल्या मायनं जन्मात पहिल्यांदा असं केलं.

दुसऱ्या रोजी तिनं घरोघरचे जुने हिरवे अन् पिवळे दुपट्टे मागवले. आता ते कोणालेच नको होते. लोक देऊन मोकळे झाले, कोणी तं भांडं पुसून राहिले होते. ओसरीत बसून तिनं वाकळ शिवायले घेतली, लेकरासाठी. एक चौकोन हिरवा, एक पिवळा. बाबूजी येता जाता पाहत. माय कोणाले ऐकू जाईन अशी बोले, "एवढा मोठा पक्ष काढला, याच्याच कामी आला." पण मनातून तीही मोकळी झाली होती. ऐक्य झालं ना, आता भैयाजी नाही कायले म्हणतीन. बाबूजीनंही कबूल केलं, सोमवारच्या बैठकीत गोष्ट काढतो. सातवा संपायले पाच रोज होते.

आता आजची गोष्ट. दुपारच्या गाडीनं गोंदियाहून आपल्या मंडळाचा सेवकराम आला. धापा टाकत ओट्यावर बसला अन् म्हणाला, केशोरावजी, मंडळ फुटलं. सकाळीच फुटलं, भैयाजीनं परत सेठशी बोलणं केलं, सोमवारची बैठक नाही. माय वाकळ शिवून राहिली होती. तिचा हात थांबला. सुई कपड्यात तशीच राहिली. मी बाबूजीकडं पाहिलं, मले वाटलं आता आठवा लागला, आता संपलं. बाबूजीनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. मंग सेवकरामले म्हणाले, "फुटलं तं फुटू दे. पाणी पी अन् घरी जा." खांद्यावरचा निळा दुपट्टा काढला, घडी केली, मायच्या पुढं ठेवला. माय म्हणाली, निळा मले नको, एक चौकोन कमी पडते पण हिरवा पायजे. तं मी माहा दोन्ही अंगाचा दुपट्टा आणून देला. म्हटलं, बाबूजी, तुम्ही घेऊन जा, जिकडं लागन तिकडं उलटवा. त्यांनी तो हातात घेऊन दोन्हीकडून पाहिला, एवढे दिवस मी काय करत फिरलो ते त्यांले आता समजलं. हासले नाही. मायले म्हणाले, "घे, याची शिवण उसव, दोन चौकोन होतीन." अन् मले म्हणाले, "भावाले जिलेबी देऊन परत धाडता येते. बापाले कसं धाडते ते पाहतो."

म्हणून बाई, ही चिठ्ठी. मंगरू उद्या सकाळच्या गाडीनं येते, बाबूजी दुपारच्या. तुह्या हातात अर्धा दिवस आहे. लुगडे बांधून ठेव, सासूबाईच्या पाया पडून ठेव, घनश्यामभाऊच्या कानात सांगून ठेव, ते दार उघडं ठेवतीन, माहा भरोसा आहे. अन् मी हे सारं लिहिलं ते एकाच गोष्टीसाठी. आपल्या बाबूजीले तू जन्मात कधी दुपट्ट्याशिवाय वेशीबाहेर पाहिलं नाही, सुतकातच काय ते खांदा उघडा राहते. उद्या तुह्या दारात ते उघड्या खांद्यानं उभे दिसतीन, तं घाबरू नको, मायले काही झालं असं मनात आणू नको. माय वाकळीची शेवटची बाजू शिवून राहिली आहे. कोणीच मेलं नाही बाई. बाबूजीनंच सांगतलं, लिही तिले, मी कोणताच रंग न घेता येतो म्हणून.

तुहाच खोडकर भाऊ,
खुशाल