फायनलची शिट्टी

गुरुवार, ४ जून
आपला संघ पुन्हा जिंकला! नाश्त्याला सगळे पंच येऊन पाठ थोपटून गेले. मी हसलो. दुसरं काय करणार? ज्या देशाचा संघ फायनलला, त्या देशाच्या पंचाला फायनल नाही — नियमच आहे. पुढच्या वर्षी वयाची अट लागते, म्हणजे ही माझी शेवटची स्पर्धा. इतकी वर्षं हॉकीची मैदानं तुडवली, पण फायनलला दर वेळी राखीव पंच म्हणून टेबलाशीच बसलो. आणि दर वेळी पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळणारे आपले पठ्ठे नेमके यंदा पेटलेत!

शुक्रवार, ५ जून
सरावाच्या मैदानाच्या फाटकाशी भाचा समोर आला. धाकट्या बहिणीचा मुलगा, आपला गोलकीपर. स्पर्धेत पंचांनी खेळाडूंशी बोलायचं नाही, म्हणून हॉटेलंसुद्धा वेगळी. त्याने नुसती मान हलवली, मीही. पायाला पॅड बांधायला ह्याला मीच शिकवलं होतं.
परवा टीव्हीवर त्याने एक अशक्य फटका अडवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "अरे, सोड की!" शेजारी लांब्या होता, माझा जोडीदार पंच. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

रविवार, ७ जून
आज माझा सामना झकास झाला. दोन्ही संघांनी व्हिडिओ तपासायला लावला, दर वेळी मीच बरोबर! पंचप्रमुख म्हणाले, "फायनल तुझीच रे. फक्त तुमची पोरं..."

सोमवार, ८ जून
आपण सेमीफायनलला. बहिणीचा फोन. आनंदाने नुसती ओरडत होती. "दादा, फायनलला पोचले की तुझी चैन! आरामात बसून बघ." हो हो म्हटलं. फोन ठेवला आणि उशीवर बुक्का मारला. स्वतःची लाज वाटते.

बुधवार, १० जून
जेवण गेलं नाही. उद्या हरा रे बाबांनो.

गुरुवार, ११ जून
हरले.
बरोबरी झाली, मग शूटआउट. भाच्याने दोन अडवले. शेवटचा चेंडू त्याच्या पॅडला लागून मागे गेला, अगदी सावकाश, रेषेकडे. तो वळून झेपावला. मी प्रेक्षकांत बसून पुटपुटत होतो, "जा, जा" — चेंडूला म्हणत होतो मी! गेला.
पोरगा तिथेच बसून राहिला. हेल्मेटसुद्धा काढेना. शेवटी दोघांनी दंडाला धरून उठवलं. मी मान फिरवली. आणि तरी परतताना बसमध्ये खिशातली शिट्टी चाचपून पाहिली. काय माणूस आहे मी!

शुक्रवार, १२ जून
फायनल लांब्याला.
पंचप्रमुखांनी बाजूला घेतलं. "तुझ्या भाच्याचा तो मैदानात बसून राहिलेला फोटो सगळीकडे झळकलाय. ज्यांनी त्याला रडवलं, त्यांच्याच सामन्यात तुझ्या हाती शिट्टी कशी देऊ? लोक म्हणतील, मामा उट्टं काढतोय."
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याला जो हरवणार, तोच फायनलला असणार! इतकं साधं. जिंकले असते तरी मी बाहेर, हरले तरी बाहेर. फुकट शाप दिले पोरांना.
मी काय सांगणार त्यांना? उट्टं कसलं साहेब, मी त्यांच्याच बाजूने होतो — असं?
लांब्या भेटायला आला. मी दार उघडलं नाही.

शनिवार, १३ जून
बहिणीचा फोन. रडत होती. "दादा, उद्या तिसऱ्या नंबरची मॅच आहे आणि हा म्हणतो, आता कधीच खेळणार नाही. खोलीत कोंडून घेतलंय. कोचलाही आत घेत नाही. म्हणतो, फक्त मामाला पाठवा. तू सुटलास ना आता? जा ना रे."
सुटलो. आता मी कुठल्याच सामन्याचा पंच नाही. त्याला भेटायला मनाई नाही.
बूट घालून बसलोय.