टासो आणि मिमी यांच्या सांभाळाची तजवीज

मी, युलाली ब्रूसार, कै. अल्सीद ब्रूसार यांची पत्नी, वय एकाहत्तर, धंदा कोळंबीची जाळी विणणे (डोळ्यांमुळे आता बंद), राहणार बायू सेरेन, लुइझियाना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. हे आत्ताच लिहिण्याचे कारण वय नव्हे, गेल्या महिन्यात आलेला एक फोन.

१. मागच्या सप्टेंबरात चक्रीवादळामुळे गाव खाली करण्याचा हुकूम निघाला. मुलगा क्लेबर्न मला, मिमी मांजरीला आणि माझा कुत्रा टासो याला गाडीत घालून टेक्सासकडे निघाला. मिमी उशीच्या अभ्र्यात, माझ्या मांडीवर. वाटेत माझा डोळा लागला. जागी झाले तर टासो नाही. "पेट्रोलपंपावर दार उघडलं नि पळाला गं आई. किती हाका मारल्या!" मी विश्वास ठेवला. पोटचा मुलगा, का ठेवू नये?

२. त्यानंतर हा फोन. "कै. युलालीबाईंचं घर का?"

"मी युलालीच बोलतेय."

पलीकडच्या बाईने किंचाळून फोन ठेवला. पुन्हा केला तेव्हा दोघींनाही धड बोलता येईना. ती मारिसेला ओरोस्को, त्या पंपाशेजारच्या खानावळीत स्वयंपाक करते. टासो आजारी पडला, डॉक्टरला त्याच्या कातडीखालच्या ओळखीच्या चिपमध्ये माझे नाव आणि नंबर सापडला. "तुमच्या मुलाने त्याला खांबाला बांधलं, बाई. मी हटकलं, तर म्हणाला, आई वारली, आता याचं करणारं कोणी नाही."

तो हे बोलत होता तेव्हा मी त्याच्याच गाडीत झोपले होते.

३. क्लेबर्नला विचारले. "एकही हॉटेल कुत्रा घेईना. त्याच्याशिवाय तू खोलीत पाऊल टाकलं नसतंस. मागून वादळ येत होतं, आई."

"मग मला कशाला मारलंस?"

"तसं म्हटलं नसतं, तर तिने ठेवून घेतला नसता."

खरे असेल. पण अजूनही सकाळी उठले की मी स्वतःचा हात चाचपून बघते.

४. होडी क्लेबर्नची. त्याच्या बापाने बांधली आणि तो ती चांगली चालवतो. घर त्याला नाही. ते विकून उंचावरच्या चर्चच्या आवारात, माणसांना जनावरांसकट घेणारा निवारा बांधावा. दारात कोणालाही "एवढा सोडून या" म्हणू नये.

५. टासोला आणायला मी गेले होते. त्याने ओळखले, अंगावर उड्या मारल्या, तोंड चाटले. मग जाऊन मारिसेलाच्या पायांवर आडवा झाला. मी रिकामा पट्टा घेऊन परत आले. टासो तिचाच. औषधपाणी माझ्या बँकेतल्या शिल्लकीतून.

६. मिमी शेजारीण ओडेटकडे द्यावी. ओडेट, हुकुमाची वाट बघू नकोस. लशींचे कागद, खाणे आणि मांजर घेणाऱ्या मुक्कामाचे नाव वादळांच्या मोसमाआधीच तयार ठेव. गाडीत जागा कमी पडली तर माझ्या फोटोंची पेटी टाकून दे.

७. काल क्लेबर्न येऊन ओट्यावर नवा पिंजरा ठेवून गेला. "मांजरीला यंदा यात ने. गाडी मीच काढीन." पिंजरा मी घरात घेतला. त्याच्या गाडीत बसेन की नाही, ते मला या कागदावर लिहिता येत नाही.

सही: युलाली ब्रूसार

आमच्यासमक्ष, तिने स्वतः वाचून सही केली:
मार्सेलीन डार्डार, शिक्षिका
लेरॉय पित्र, होडी दुरुस्ती

बायू सेरेन, २० मे २०२५