लहान वस्तू गाळल्या

सोमवार
आलो एकदाचे! कंपनीने नोकरीसोबत घरही दिलं: दोन खोल्या, मोठी खिडकी, भिंती इतक्या पांढऱ्या की हात लावायची भीती वाटते. नवरा खोकी उघडतोय. दोन महिन्यांची चिमी पाळण्यात गाढ झोपलीय. माझं काम सोपं आहे, निदान सांगायला तरी. घरात वायरलेस यंत्र ठेवलं तर त्याच्या लहरी कुठे कुठे पोहोचतात, ते संगणकावर काढायचं. पहिलं घर म्हणून आमचंच घेतलं. मापं घ्यायला उगाच दुसऱ्याच्या दारात कशाला जा!

बुधवार
पद्धत निवडण्यातच वेळ गेला. एक पद्धत खोलीचे बारीक चौकोनी तुकडे पाडून प्रत्येकात लहर मोजते. अचूक, पण संगणकाला घाम फोडते. दुसरी लहरींना सरळ किरण मानते. झटपट, पण लहान वस्तू तिच्या खिजगणतीतही नसतात. मी हौसेने पहिली घेतली. गणितात फक्त भिंती आणि रिकामा पाळणा भरला होता. तरी नकाशात पाळण्यामागच्या कोपऱ्यात काळा डाग आला, लहरी गिळणारा. अशा लहरी माणसाचं अंग गिळतं. हे अंग बाळाएवढं होतं.

शुक्रवार
तुकडे आणखी बारीक केले. डाग जाईना, उलट त्याला डोकं आलं. साहेबांना दाखवायला गेले. ते नकाशाकडे न बघताच म्हणाले, किरणांची पद्धत वापरा, या घरात तुमच्याआधी राहून हेच काम करणाऱ्या बाईंनीही शेवटी तेच केलं. मला भित्री म्हणा हवं तर, पण मी ऐकलं. अहवालात लिहिलं, 'लहान वस्तू गाळल्या', आणि सही ठोकली. नकाशा स्वच्छ. हायसं वाटलं.

शनिवार
पाळणा रिकामा. नवऱ्याला विचारलं, चिमी कुठंय? तो हसला. म्हणाला, कोण चिमी? पाळणा म्हणे आधीपासूनच घरात होता. दुपटी नाहीत, बाटली नाही. मला पान्हा मात्र फुटतोय — देवा, मीच गाळलं तिला.

रविवार
ऑफिस उघडून घेतलं. पुन्हा बारीक तुकडे. लवकर, लवकर — आला डाग. पण एकच, आणि जागा बदललेला. कोपऱ्यात आता काही नाही. पाळण्यात आहे.

घरी धावले. दारातूनच रडणं ऐकू आलं. नवरा म्हणतो, "अगं, होतीस कुठे? घे तिला, भुकेजलीय."

उंबऱ्यावरच लिहितेय, आत पाऊल टाकवत नाही. माझी चिमी अजून मान धरत नाही. ही उठून बसलीय, माझ्याकडे बघून हात —