एलुबेची जागा

फालोम्बे,
१२ जून

प्रिय फालेसीताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. भावजींच्या होडीला नवं जाळं आलं, आतूचा खोकला थांबला, हे वाचून बरं वाटलं. शेवटी तू एकच ओळ लिहिली होतीस, ‘आतूच्या शाळेचं काय झालं?’ त्या ओळीला उत्तर देण्याआधी मला इथलं थोडं सांगू दे.

आमच्या बालवाडीत बावन्न मुलं आहेत. छप्पर गवताचं, आणि पेजेसाठी मक्याचं पीठ घराघरांतून ताटभर येतं. मी इथली पर्यवेक्षिका, पण बालवाडी चालवतात नांबेवेआजी. साठी उलटलेली, सहीच्या जागी अंगठा उमटवणारी बाई. जानेवारीत मी पहिल्यांदा आले तेव्हा मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाल्या, “शिकलेली माणसं पेज ढवळतात, की नुसती चाखतात?”

त्याच आठवड्यात मी एलुबेला पाहिलं. चार वर्षांची, तुझ्या आतूएवढी. आतूसारखीच मान कलते, पाठ धरत नाही, हात आपल्या मनाने वळतात. पण हे सगळं मला नंतर दिसलं. आधी दिसला तो छपराखाली वाळूत खणलेला खड्डा, आणि त्यात काखेपर्यंत आत असलेली मुलगी. बाकीची मुलं तिच्याभोवती फेर धरून गात होती.  मला वाटलं, पोरीला पुरलंय.

मी आजींना सगळ्यांदेखत बोलले. म्हटलं, हे लेकरू आहे की जमिनीत रोवायचं कसाव्याचं कांड? अशा मुलांना पट्ट्यांची लाकडी खुर्ची लागते, असं मी कॉलेजात शिकले होते. जिल्ह्याच्या ऑफिसातून खुर्ची येईपर्यंत एलुबेला घरीच ठेवा, असं मी तिच्या आईला सांगून टाकलं. तिने लेकीला चितेंजेच्या कापडात गुंडाळून पाठीशी बांधलं आणि निघून गेली. शिकलेल्या बाईने सांगितलं म्हणजे बरोबरच असणार. आपल्या घरी तरी वेगळं काय आहे? बाबा शेळी विकायची झाली तरी मला फोन करून विचारतात, आणि मला शेळीतलं काय कळतं?

खुर्ची आली नाही. मी तीन अर्ज केले. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिलही गेला. आजी रोज विचारायच्या, “आली का गं खुर्ची? चार पाय आहेत तिला, चालत येत असेल.” एकदा मी चिडून म्हटलं, खड्डा कुठल्याही पुस्तकात नाही. त्यांनी पेजेतून नजरही वर केली नाही. “पुस्तकात खुर्चीचं चित्र असेल ना, पोरी? मग त्या चित्रावर बसव तिला.”

मेच्या अखेरीस मी एलुबेच्या घरी गेले. ती चटईवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी हाक मारली तरी वळली नाही. फेरातल्या गाण्याला सूर धरून ओरडायची म्हणे पूर्वी, आता ओरडतही नव्हती. तिची आई भुईमुगाच्या शेंगा तोडत होती. रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती सावकाश म्हणाली, “बाई, खड्ड्यात होती तेव्हा माणसांत होती.”

दुसऱ्या दिवशी मी आजींना जाऊन सांगितलं की माझं चुकलं. मला वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी माझ्या हातात कुदळ दिली. “बोलून खड्डा होत नाही,” म्हणाल्या. त्यांचा मोठा मुलगा असाच होता. शेतात काम करताना त्या त्याला बांधाशी असं बसवायच्या, म्हणजे त्याला आई दिसायची आणि आईला तो. मागची भिंत सरळ हवी, पाय टेकायला पायरी, खाली कोरडं पोतं, कड काखेच्या दोन बोटं खाली. पाठीला मातीने धरलं की हात मोकळे होतात. मूल कुरकुरलं की लगेच बाहेर काढायचं. हे सगळं मी लिहून घेतलं, तुझ्यासाठी.

आज एलुबेचा पुन्हा खड्ड्यात बसायला लागल्याचा अकरावा दिवस. चमचा तोंडाशी पोचेपर्यंत अर्धी पेज सांडते. शेजारची चिमुरडी तिला म्हणते, “ए, जमिनीला भरवू नकोस, ती जेवून आली आहे.” आणि एलुबे अशी खिदळते की उरलेली पेजही सांडते.

आता तुझी ओळ. डिसेंबरात तुमच्या चर्चमागच्या बालवाडीतल्या बाई आतूला घ्यायला तयार होत्या. मी म्हटलं, नको, त्यांना यातलं काही कळत नाही, मी ब्लांटायरच्या खास शाळेत जागा मिळवते. तू थांबलीस. ताई, त्या शाळेचं उत्तर मार्चमध्येच आलं होतं. जागा नाही, पुढच्या वर्षीचंही सांगता येत नाही. मी दोनदा तुला फोन लावला, तुझा आवाज ऐकला, आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. घरातल्या पहिल्या पदवीधराने ‘जमलं नाही’ कसं म्हणायचं, ते मला येत नव्हतं. मला जमलं नाही, ताई. आणि माझ्या शब्दावर आतूचे सहा महिने घरात गेले. आता कशाचीही वाट पाहू नकोस. सोमवारी तिला पाठीशी बांध आणि चर्चमागे जा. त्या बाईंना सांग, माझी बहीण चुकली होती. जुलैत मी येते आहे. तू बोलली नाहीस तरी चालेल, मला घरात घेतलं नाहीस तरी चालेल. बसमधून उतरून मी आधी बालवाडीतच जाणार आहे. आतू तिथे असू दे.

तुझीच धाकटी,
तिओने