माहेरचा स्वल्पविराम

४ फेब्रुवारी, पारोळा
आले एकदाची! दवाखाना छोटा, पण माणसं गोड. चहा करणाऱ्या कोकिळाअक्कांनी पहिल्याच दिवशी शेवभाजी खाऊ घातली. काम सोपं: जुन्या संगणकातली रुग्णांची यादी नव्यात न्यायची. रकाने चार – नाव, गाव, जन्मतारीख, मृत्युतारीख. मी सीएसव्ही फाइल निवडली. दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम, बस्स, कुठेही उघडते. जुने कारकून लीलाधरनाना म्हणाले, स्वल्पविराम नको, टॅब टाक. म्हाताऱ्याचं कोण मनावर घेतं!

५ फेब्रुवारी
इथे बाईच्या नावापुढे माहेरही लिहितात. ‘कोकिळा माहेर बेटावद’, असं सलग. मी पडले शुद्धलेखनाची बाई, राहवेना. सगळ्या बायकांच्या नावापुढे स्वल्पविराम दिले आणि फाइल चढवली. स्टाफ म्हणून मीही त्यात आहे: कामिनी, माहेर यावल. नानांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, “पोरी, बठ्ठं सरकी जाई.” सगळं सरकेल म्हणे! मला हसू आलं.

८ फेब्रुवारी
सरकलंच. माझा स्वल्पविराम संगणकाला नवा रकाना वाटला. माहेर गावाच्या जागी गेलं, गाव जन्मतारखेच्या आणि जन्मतारीख मृत्यूच्या! साडेतीनशे बायका कागदोपत्री मेल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. टॅबची फाइल करून पुन्हा पाठवली. संगणकाने नकार दिला: मृताची नोंद बदलता येत नाही.

११ फेब्रुवारी
कोकिळाअक्का गेल्या. सकाळी, चहा गाळता गाळता. त्यांच्या मृत्यूच्या रकान्यात ११ फेब्रुवारीच आहे. साल जन्माचं, पण दिवस हाच. योगायोग असेल.

१३ फेब्रुवारी
आज समोरच्या शिंपीणबाई, सुमनबाई. धडधाकट होत्या. रकान्यात आजचीच तारीख.
नानांना विचारलं, आधी कधी असं झालं होतं का. म्हणाले, एकदाच. त्यांच्या बायकोचं नाव त्यांनीच टाइप केलं होतं, स्वल्पविराम देऊन.

१५ फेब्रुवारी
सहा वेळा फाइल पाठवली. सहाही नकार. उद्या माझा वाढदिवस – मला मरायचं नाही. नाना म्हणतात, एकच वाट आहे. तुझ्याच नावाची नवीन नोंद कर, जिवंत बाईची. आता संगणक बंद झालाय; उद्या नऊला सुरू झाला की लगेच.

१६ फेब्रुवारी
नऊला पाच कमी. नाना शेजारी बसलेत – माहेर नको, स्वल्पविराम नको, नुसतं नाव – आधी इथे लिहून बघते – हाताची जुनी सवय नको आडवी यायला –

कामिनी,