रादोस्तिनला पाचवं पत्र

हास्कोवो,
शनिवार, १४ मार्च

प्रिय दादा,

सोफियात सगळे ठीक ना? वहिनीचा खोकला थांबला का? मी बरी आहे. म्हणजे तशी बरी नाही, पण जेवले आहे. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला बोलणं पुरं करू देत नाहीस, आणि आज मला ते पुरं करायचंय.

आधी तुझी खुशखबर घे. आंधळ्यांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या आपल्या प्रोग्रामचं प्लगिनचं, म्हणजे वरून जोडायच्या सोयींचं, दुकान धडाक्यात चालू झालंय. वार्नाच्या एक अंध बाई फोनवर म्हणाल्या, "अगं, पूर्वी एक प्लगिन बसवायचं तर भाच्याला जेवायला बोलवावं लागायचं. आता आपल्या प्रोग्रामला चालतील तेवढीच यादीत येतात, एंटर दाबलं की झालं! मेला भाचा आता फिरकत नाही." मी हसून हसून दमले.

आणि तुझा तो नियम. 'नव्या आवृत्तीत चालतंय' असं ज्या बनवणाऱ्यानं कळवलं नाही, त्याचं प्लगिन यादीतून बाहेर आणि लोकांच्या यंत्रावरही आपोआप बंद. मीही हो म्हटलं होतं. न जुळणारं प्लगिन घुसलं तर आंधळ्या माणसाचा स्क्रीनच मुका होतो, हे काय मला कळत नाही?

फक्त रादोस्तिननं कळवलं नाही. आपला रादोस्तिन, ज्यानं महिनोन्महिने स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून बल्गेरियन वाचणाऱ्या आवाजाचं प्लगिन लोकांना फुकट दिलं, आणि ज्याला आपण दोघांनी कधी पाहिलंही नाही. ई-मेलनं आपली पाच पत्रं गेली, एकाचं उत्तर नाही. मंगळवारी नवी आवृत्ती गेली, त्याचा आवाज बंद होऊन यंत्राचा ठोकळा आवाज आला आणि लोक ओरडायला लागले. "आमचा माणूस कुठे गेला? हा पत्र्याचा डबा कोण बोलतोय?" म्हटलं, जाऊन त्याचे कानच धरते. त्यानं ल्युतेनित्साच्या, त्या मिरची-टोमॅटोच्या चटणीच्या, बरण्या पाठवल्या होत्या ना, त्या खोक्यावर पत्ता होता.

दादा, त्याच्या फाटकावर त्याच्याच मृत्यूचा कागद लावलेला होता, आपल्याकडे गल्लोगल्ली लावतात तसा. काळी चौकट, फोटो, नाव, खाली 'सहा महिने झाले'. बस थांब्याच्या खांबावरही तोच होता. मी त्याच्याखाली उभी राहून केस नीट केले होते, आणि वाचला नव्हता! कोणाचा तरी असणार, आपल्याला काय. फाटकापाशी मात्र वाचला. सगळ्या गल्लीला त्या कागदावरून कळलं होतं, पाववाल्यालासुद्धा. आपल्याला कोण कळवणार होतं? आपण कुठे त्याच्या गल्लीत राहत होतो?

परत फिरणार होते, तेवढ्यात त्याची आई भिंतीला हात लावत बाहेर आली. स्तोयांका मावशी. तिला दिसत नाही. तो आवाज त्यानं तिच्यासाठी बनवला होता, हे आपल्याला कुठे ठाऊक होतं! मी नाव सांगितलं, कुठून आले ते सांगितलं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"बरं झालं आलीस पोरी. मंगळवारपासून माझा मुलगा बोलत नाही."

तिनं मला स्वयंपाकघरात बसवलं आणि गेलेल्याच्या नावानं वाटतात ते उकडलेले गोड गहू वाटीभर हातात दिले. 'देव त्याला क्षमा करो' म्हणून मी ते खाल्ले. मुलाचा कॉम्प्युटर आता तीच वापरते. पेपर, औषधांची नावं, विजेचं बिल, सगळं त्याच्या आवाजात ऐकते. म्हणजे ऐकायची.

मी घाबरत विचारलं, "मावशी, आमची पत्रं यायची ती..."

"ऐकली की. त्याच्याच पत्त्यावर यायची, तोच वाचून दाखवायचा."

कळलं का तुला? मला कळायला जरा वेळच लागला. पहिली चार पत्रं माझी, गोडगोड. पाचवं तुझं. 'अहो महाशय, जिवंत आहात की मेलात, तेवढं तरी कळवा.' किती हसलो होतो आपण! ते तिनं मेलेल्या मुलाच्या तोंडून ऐकलं रे.

आणि मी मूर्ख, तिलाच विचारून बसले, "मग तुम्ही कळवलं का नाही?"

"कसं कळवू? मी टाइप करते तो एकेक शब्द तोच मोठ्यानं म्हणतो. 'मेला' हे त्याच्याकडून कसं वदवून घेऊ?"

मग तीच पुढे म्हणाली, "आता तो डबाच बोलतोय ना? मग आत्ता लिहून टाकते."

आणि लिहिलं. सावकाश, चाचपडत. डब्यानं एकेक शब्द म्हटला: माझा, मुलगा, सप्टेंबरात, वारला. तिनं पाठवलं, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "झालं. आता त्याला चालू कर."

मी तिथेच बसून प्लगिन नव्या आवृत्तीवर तपासलं. चालतंय, दादा, अगदी व्यवस्थित. ते सांभाळणारी म्हणून माझं नाव घातलं आणि तुझा नियम न विचारता मोडला. तिनं एंटर दाबलं. तो म्हणाला, "शनिवार, हास्कोवो, दुपारी पाऊस." मावशी म्हणाली, "हं, कपडे आत घ्यायला हवेत." आणि मग ढसाढसा रडली.

तिचं उत्तर तुझ्या पत्त्यावर आलं असेल. ते पाचवं पत्र लिहिणारा तू माझा सख्खा भाऊ आहेस, हे मी तिला सांगितलेलं नाही. माझी जीभच रेटली नाही. उद्याच्या बसनं ये आणि तुझ्या तोंडानं तूच सांग.

तुझी वाट पाहत मावशीच्याच घरी थांबलेली,
बिल्याना